इंजिनावरची काजळी आणि खोलीतली हवा

निवृत्तीनंतरच्या दुपारी हातांना गुंतवून ठेवणाऱ्या छंदांविषयी आपण या सदरातून अधूनमधून बोलत असतो. आजचा विषय जरा अनवट आहे आणि तो मी निवडलेला नाही. सोलापूरहून आलेल्या एका वाचक भगिनींच्या पत्राने तो माझ्यापुढे आणून ठेवला. पत्रातला मजकूर थोडक्यात असा :

‘आमचे मामंजी ७९ वर्षांचे आहेत. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. गेली काही वर्षे त्यांना श्वासाचा जुनाट विकार आहे, दिवसातून दोनदा इन्हेलर घ्यावा लागतो. माझ्या मुलाने इंग्लंडहून त्यांना वाफेच्या इंजिनाच्या प्रतिकृतीचा प्लॅस्टिकचा संच पाठविला. चार महिने खपून त्यांनी तो जोडला, हिरवा रंग दिला. इंजिन नवेकोरे न दिसता चाललेले, मळलेले दिसावे म्हणून त्यांनी त्यावर काळपट पातळ रंग फिरविला, तर खालचा हिरवा रंगच सुटून आला आणि एका बाजूला प्लॅस्टिकही चिकट झाले. त्या दुपारी खोलीत उग्र वास कोंडला होता. रात्री त्यांना धाप लागली. तेव्हापासून इंजिनाचा खोका पलंगाखाली आहे आणि मामंजी कोणाशी फारसे बोलत नाहीत. हा छंद बंद करावा की चालू राहू द्यावा?’

मी त्यांना दूरध्वनी करून दोनच प्रश्न विचारले. हिरवा रंग कोणत्या जातीचा होता आणि काळा रंग कशात कालवला होता? हिरवा रंग पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक होता. काळा रंग चित्रकारांच्या तैलरंगाच्या नळीतला होता. आणि तो पातळ करण्यासाठी मामंजींनी शेजारच्या मुलाला हार्डवेअरच्या दुकानात पाठवून ‘थिनर’ मागविला होता. सारा उलगडा या एका शब्दात आहे. आपल्याकडे दुकानात नुसते ‘थिनर’ मागितले की बहुधा एन. सी. थिनर हातात पडतो. तो फर्निचरच्या आणि गाड्यांच्या लॅकर रंगांसाठी असतो. अ‍ॅक्रिलिकचा थर तो सोलून काढतो, प्रतिकृतीचे पॉलिस्टायरिन प्लॅस्टिक तो मऊ करतो आणि त्याची वाफ आधीच आकुंचन पावलेल्या श्वासनलिकांना मुळीच मानवत नाही. रंग उतरला आणि धाप लागली, या दोन वेगळ्या घटना नाहीत. दोन्ही कामे एकाच बाटलीने केली.

म्हणून या भगिनींना माझे उत्तर असे : छंद बंद करू नका, बाटली बदला. मात्र ती कशी बदलावी, हे नीट समजून घ्यायला हवे.

प्रतिकृती रंगविणाऱ्या मंडळींत ‘वॉश’ नावाचा एक प्रकार असतो. अगदी पातळ केलेला गडद रंग पृष्ठभागावर सोडायचा; तो उंच भागांवरून ओघळून रिव्हेटच्या कडेला, पत्र्यांच्या सांध्यांत, खाचांत जाऊन बसतो आणि वाळल्यावर तिथे सावली आणि मळ यांचा भास होतो. ऊन, पाऊस, धूर आणि तेल यांनी खऱ्या यंत्राला जी कळा येते, ती लहानग्या प्रतिकृतीवर आणण्याच्या साऱ्या खटाटोपाला ‘वेदरिंग’ म्हणतात. वॉश हा त्यातला पहिला आणि, माझ्या मते, वृद्ध हातांना सर्वांत दयाळू असलेला टप्पा. बारीक रेघ ओढायला स्थिर हात लागतो. वॉशमध्ये रेघ आपण ओढतच नाही. कुंचल्याचे टोक खाचेच्या एका टोकाला टेकविले की केशाकर्षणाने द्रव आपोआप खाचेतून पुढे धावतो. हाताला कंप असलेल्या माणसाला हे दृश्य किती समाधान देते, ते मी अनेकदा पाहिले आहे.

आता मूळ प्रश्न : कोणत्या रंगावर कोणता वॉश चालतो? रंगाच्या छटेवरून वॉश निवडू नये, त्यातल्या द्रावकावरून निवडावा. खालचा थर ज्या द्रवात विरघळतो, त्या द्रवात वरचा वॉश कालवलेला नसावा. नियम एवढाच आहे. उरते ते प्रत्येक जातीचे रंग कशात विरघळतात हे लक्षात ठेवणे.

पाण्याचे अ‍ॅक्रिलिक रंग पूर्ण वाळले की पाण्याला दाद देत नाहीत आणि चित्रकारांच्या व्हाइट स्पिरिटलाही बहुधा देत नाहीत. पण अल्कोहोलपुढे ते नमतात. (येथे घरच्या मंडळींसाठी एक सूचना. आजारी माणसाच्या खोलीत हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर असतेच. ते अल्कोहोलचे असते. ओल्या हाताने प्रतिकृती उचलली, तर रंगावर बोटांचे ठसे उठू शकतात.) एनॅमल आणि तैलरंग यांचे द्रावक व्हाइट स्पिरिट किंवा टर्पेंटाइन, म्हणून एनॅमलने रंगविलेल्या प्रतिकृतीवर एनॅमलचा किंवा तैलरंगाचा वॉश थेट घालू नये, मध्ये पाण्याच्या अ‍ॅक्रिलिक वार्निशचा एक थर हवा. लॅकर रंग कोणत्याही थराखाली चालतात, पण त्यांचा थिनर इतर कोणत्याही थरावर चालत नाही. जपानच्या तामिया कंपनीच्या बाटलीबंद अ‍ॅक्रिलिकवर त्याच कंपनीचा रेषा उठावदार करणारा तयार वॉश चालतो, कारण तो एनॅमल जातीचा आहे. मात्र रंग न लागलेल्या उघड्या प्लॅस्टिकवर, विशेषतः दाबून, ताणाखाली बसविलेल्या भागांत, तो साचून राहिला तर प्लॅस्टिक तडकू शकते. स्पेनच्या व्हॅलेहो कंपनीचे तयार वॉश पाण्याचे असतात. म्हणजे एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या, जवळपास सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांचा स्वभाव अगदी भिन्न. वृद्धांना बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. तेव्हा घरातल्या कोणीतरी प्रत्येक बाटलीवर जाड पेनाने ‘पाणी’ किंवा ‘स्पिरिट’ एवढे लिहून ठेवावे.

येथे खरी अडचण सुरू होते. तैलरंगाचा किंवा एनॅमलचा वॉश सावकाश वाळतो. काही तासांनीही व्हाइट स्पिरिटमध्ये किंचित ओलावलेल्या कापसाच्या काडीने तो पुसता येतो, पातळ करता येतो, ओघळ खाली ओढता येतो. हळू चालणाऱ्या हातांना तो सांभाळून घेतो. उलट, पाण्यातला अ‍ॅक्रिलिक वॉश थोड्याच मिनिटांत वाळतो. एकदा वाळला की चूक कायमची. शिवाय पाण्याचा पृष्ठताण व्हाइट स्पिरिटच्या जवळपास तिप्पट असल्याने तो सहज पसरत नाही, थेंब धरून राहतो आणि वाळताना कडेला भरतीच्या रेषेसारखी खूण सोडतो. म्हणजे हातांना मानवणारा वॉश छातीला मानवत नाही आणि छातीला मानवणारा हातांना. या पेचामुळेच बरेच अनुभवी छांदिष्ट वृद्धांनाही डोळे झाकून तैलरंगाचा वॉश सुचवितात. त्यांचे कारागिरीचे म्हणणे खोटे नाही. पण त्यांच्यापुढे इन्हेलर घेणारा माणूस नसतो.

श्वासाचा विकार असलेल्यांसाठी मी तिसरा मार्ग सुचविते आणि तो शाळेच्या दप्तरात सापडतो. जलरंगाची नळी. बर्न्ट अंबर आणि थोडा काळा, बस्स. जलरंगाचा बंध डिंकाचा असतो. वाळल्यावरही ओल्या काडीने तो पुन्हा हलतो. तैलरंगाची क्षमाशीलता आणि पाण्याची निर्धोकता अशी दोन्ही त्यात मिळतात. करायचे ते असे. हिरवा रंग दिल्यावर किमान एक दिवस जाऊ द्यावा. मग पाण्याचे, कुंचल्याने लावायचे अर्धचमकदार अ‍ॅक्रिलिक वार्निश पातळ लावून आणखी एक दिवस थांबावे. वार्निश विसरू नये. खरबरीत, निस्तेज रंगावर जलरंगाचे कण अडकून बसतात आणि पुसले जात नाहीत, फक्त सारी हिरवाई मळकट होते. अगदी आरशासारख्या चमकीवर मात्र पाणी थेंबाथेंबाने गोळा होते, म्हणून मधली चमक बरी. नळीतला मुगाएवढा रंग बशीत घेऊन त्यात कोऱ्या, फिक्या चहाइतका पातळपणा येईपर्यंत पाणी घालावे आणि भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एक थेंब टाकावा. साबणाने पृष्ठताण मोडतो आणि पाणी खाचेत शिरते. थेंब एकच, जास्त झाला तर फेस येतो आणि फेसाचे बुडबुडे जिथे फुटतात तिथे वर्तुळे उमटतात.

लावून झाल्यावर पंधरावीस मिनिटांनी ओलसर, पण न गळणाऱ्या काडीने उंच भाग वरून खाली पुसावेत. वरून खालीच, पावसाचे पाणी आडवे वाहत नाही. आवडले नाही तर सारे पुसून पुन्हा आरंभ करावा. एक मर्यादा मात्र आधीच सांगायला हवी. हा वॉश कायमचा करायचा असेल, तर त्यावर कुंचल्याने पाण्याचे वार्निश लावता येत नाही, कारण ते लावतानाच वॉश ओघळेल. फवाऱ्याच्या डब्यातले वार्निश हलक्या हाताने मारावे लागते आणि त्यात द्रावक असते. ते काम घरातल्या तरुण माणसाने गच्चीवर करावे, प्रतिकृती तासभर तिथेच राहू द्यावी. अन्यथा काचेच्या पेटीत ठेवायची वस्तू तशीच राहिली तरी बिघडत नाही.

ज्यांची छाती निकोप आहे, त्यांनी तैलरंगाचा वॉश अवश्य करावा. त्याची मजा निराळी. रंग काही तास पुठ्ठ्यावर पिळून ठेवला की त्यातले जादा जवसतेल पुठ्ठा शोषून घेतो आणि वॉश लवकर, निस्तेज वाळतो. एका भाग रंगाला दहाएक भाग चित्रकारांचे व्हाइट स्पिरिट. ‘गंधहीन’ असे लिहिलेली बाटली मिळते. ती घ्यावी, पण तिच्यावर विसंबू नये. तिचा वास कमी असतो, वाफ असतेच. आणि वयोमानाने आपली घ्राणशक्ती मंदावते, पार्किन्सनसारख्या विकारात तर ती बरीच आधी जाते. तरुण माणूस वासाने खोलीबाहेर पडतो. ७९ वर्षांच्या माणसाला ‘काही वास येत नाही’ असे वाटते, तेव्हा खोली भरलेली असू शकते. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, एका खिडकीत पंख्याचे तोंड बाहेरच्या दिशेने, आणि अर्ध्या तासानंतर विश्रांती, हे पथ्य हवे. कापडी किंवा एन-९५ मुखपट्टी धूळ अडविते, द्रावकाची वाफ अडवीत नाही. तिच्या भरवशावर खिडकी बंद करू नये. देवघरातली समई त्याच खोलीत असेल, तर रंगकाम दुसऱ्या खोलीत. घरी प्राणवायूचे यंत्र चालू असणाऱ्यांनी ज्वालाग्राही द्रावकाला हातच लावू नये. याला अपवाद नाही.

आणखी दोन गोष्टी काळजीवाहकांनी पाहाव्यात. जवसतेलाच्या तैलरंगाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून टोपलीत टाकल्या तर वाळताना त्या आपोआप तापतात, पेटूही शकतात. त्या मोकळ्या जागी पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. दुसरी गोष्ट कपाची. व्हाइट स्पिरिट पाण्यासारखे दिसते. ते पाण्याच्या बाटलीत, चहाच्या कपात कधीही ओतू नये. विसराळूपणा असलेल्या घरात तर ते कुलपातच असावे. चुकून पोटात गेले तर उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरण्याचा धोका मोठा असतो. बाटली सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे.

कोणताही वॉश असो, थेट इंजिनावर प्रयोग नको. वाढदिवसाला आणलेल्या टाकाऊ प्लॅस्टिकच्या चमच्याला तोच रंग, तेच वार्निश लावून तितकेच दिवस वाळवावे आणि त्याच्या पाठीवर वॉश फिरवून काडीने घासून पाहावे. काडीला खालचा रंग लागला तर जोडी जमत नाही. चमचा खिडकीशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघावा. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला रंग पिवळट दिसतात, शस्त्रक्रियेनंतर निळा अचानक उजळतो. चित्रकार क्लोद मोने यांची १९२३ मध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांनाही रंगांचा असा गोंधळ सहन करावा लागला होता. तेव्हा एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि दुसऱ्याची व्हायची आहे, अशा दिवसांत वॉशची छटा नातवंडाला दाखवून ठरवावी, त्यात कमीपणा नाही.

हे सारे मी त्या भगिनींना सांगितले. पंधरा दिवसांनी पुन्हा दूरध्वनी केला तेव्हा त्यांनी मामंजींनाच फोन दिला. मी आपली पुस्तकी उत्साहाने सांगू लागले, की हिरव्यावर निव्वळ काळा वॉश चित्रासारखा दिसतो, तपकिरी घ्यावा. ते शांतपणे म्हणाले, “ताई, काळं असतंच, पण कुठं असतं ते बघावं लागतं. काजळी बॉयलरच्या माथ्यावर आणि केबिनच्या छपरावर. खाली चाकांकडे काळं नाही, तिथं ब्रेकच्या लोखंडाची तांबूस धूळ, आणि तिच्यावर तेल.”

नातवाने पाठविलेले ते इंजिन म्हणजे ‘इव्हिनिंग स्टार’. ब्रिटिश रेल्वेसाठी बांधले गेलेले हे अखेरचे वाफेचे इंजिन १९६० मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडले आणि १९६५ मध्येच सेवेतून निघाले. आज ते ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहात आहे. संचात त्याचे प्रमाण १:७६. आपल्या चित्तरंजनच्या कारखान्यातून १९७० मध्ये निघालेल्या, ब्रॉडगेजच्या अखेरच्या वाफेच्या इंजिनाचे नाव ‘अंतिम सितारा’, ही माहितीही मला मामंजींकडूनच मिळाली. त्यांची स्वतःची उमेद नॅरोगेजच्या इंजिनांखाली गेली, पण मळ सगळीकडे सारखाच बसतो, असे त्यांचे मत.

जलरंगाचे त्यांना पहिल्यांदा हसू आले होते, ‘पोरांचे रंग’ म्हणून. मग त्यांनी चार चमचे रंगविले. तिसऱ्यावर साबण जास्त झाला. चौथा जमला. त्या दिवशी सूनबाईंनी खिडकी उघडी ठेवली होती, पण त्याची गरज पडली नाही. खोलीत वास फक्त भांड्यांच्या साबणाचा होता.

थिनरने खरवडलेल्या, चिकट झालेल्या बाजूचे काय, हे विचारायला मी कचरत होते. त्यांनीच काढले. प्लॅस्टिक पुन्हा कडक झाल्यावर त्यांनी ती जागा बारीक पॉलिशपेपरने हलकेच घासली आणि पुन्हा हिरवी केली, तरी खड्डे दिसतात म्हणे. “बॉयलरला पाणी देणाऱ्या झडपेच्या जरा खालीच आलंय ते,” ते म्हणाले. “तिथं पाणी झिरपतंच. क्षाराचे पांढरे ओघळ पडतात, पत्रा खातो. आता तिथं पांढऱ्यात थोडा राखाडी घालून ओघळ काढतो. कुणाला कळायचं नाही.”

मग सूनबाईंनी फोन परत घेतला आणि विचारले, की पांढरा जलरंग वेगळा आणायचा, की मुलाच्या जुन्या पेटीतला चालेल? मी म्हटले, चालेल. फक्त आधी पाचव्या चमच्यावर.